आंतरजालावरील पत्ता कसा वाचावा

खरिपाची पेरणी आटोपलेली असते, खताची पुढील मात्रा द्यावयाची असते आणि हाती पैसा थोडा असतो. अशा दिवसांत शेतकऱ्याच्या मोबाइलवर एक संदेश येतो : "आपला शेतकरी सन्मान निधीचा हप्ता थांबविण्यात आला आहे. खालील लिंकवर जाऊन आजच ई-केवायसी पूर्ण करा." संदेशाखाली निळ्या अक्षरांत एक पत्ता दिलेला असतो. हा संदेश शासनाकडून आला की भामट्याकडून, हे ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे तो निळा पत्ता होय. तो ज्यास वाचता येतो तो सावध होतो. ज्यास येत नाही त्याच्या खात्यातील पीककर्जाची रक्कम घटकाभरात नाहीशी होण्याचा संभव असतो.

सर्व्हर, ब्राउझर, लिंक, डाउनलोड, ओटीपी हे शब्द आता बाजार समितीत, सोसायटीत व सेवा केंद्रात नित्य कानी पडतात. सातबारा, पीक विमा, अनुदानाचे अर्ज, बाजारभाव अशी शेतकऱ्याची अनेक कामे या शब्दांभोवती फिरू लागली आहेत. परंतु त्यांचे अर्थ उलगडून सांगणारा क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेखात अशा नेहमीच्या काही शब्दांचा परिचय करून देण्याचे योजिले असून, त्यांतही पत्ता कसा वाचावा यावर विशेष भर दिला आहे.

आंतरजाल आणि वेब

जगातील संगणक व मोबाइल एकमेकांस जोडणारे जे अवाढव्य जाळे, त्यास इंटरनेट किंवा आंतरजाल असे म्हणतात. त्याचा उगम अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यात आहे. भारतातील सर्वसामान्य ग्राहकांस ही सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध करून दिली.

शेतकऱ्याचा मोबाइल जवळच्या मनोऱ्याशी बिनतारी लहरींच्या साहाय्याने बोलतो. मनोऱ्यापासून पुढे माहितीचा बहुतेक प्रवास काचतंतूंच्या तारांतून होतो. परदेशांशी होणारी देवाणघेवाण मुंबईसारख्या ठिकाणी किनाऱ्यास लागलेल्या, समुद्राच्या तळावरून आलेल्या तारांतून चालते. ही माहिती एकसंध जात नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात, प्रत्येक तुकड्यावर मुक्कामाचा क्रमांक घातला जातो आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते तुकडे पुन्हा जुळविले जातात. रेंज कमी असली की पान अर्धवट उघडते, याचे कारण काही तुकडे वाटेत रखडलेले असतात.

वेब हा शब्द पुष्कळदा आंतरजालाच्या अर्थानेच वापरला जातो. परंतु दोहोंत भेद आहे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. निरनिराळ्या संगणकांवर ठेवलेली आणि दुव्यांनी एकमेकांस जोडलेली पाने म्हणजे वेब होय. आंतरजाल हा रस्ता मानला, तर वेब ही त्या रस्त्यावरील एक प्रकारची वाहतूक आहे. व्हॉट्सअॅपवरील संदेश, बँकेच्या अॅपचा व्यवहार ही वाहतूकही त्याच रस्त्याने होते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हा रस्ता अगदीच नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि ऊस उत्पादकांच्या सोयीसाठी गावोगाव संगणक केंद्रे उघडण्यात आली. त्या वेळी यंत्र केंद्रात होते व ते चालविणारा जाणकारही तेथेच बसलेला असे. आज यंत्र शेतकऱ्याच्या खिशात आले आहे. साहजिकच ते जाणून वापरण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आली आहे.

सर्व्हर, ब्राउझर व शोधयंत्र

सर्व्हर म्हणजे माहिती साठवून ठेवणारा आणि मागणी येताच ती पाठविणारा संगणक. तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. शासनाच्या संगणकीय कामांसाठी १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची मोठी सर्व्हरगृहे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत.

ब्राउझर म्हणजे सर्व्हरकडून पान मागवून ते आपल्या पडद्यावर दाखविणारा कार्यक्रम. क्रोम, फायरफॉक्स व सफारी हे परिचित ब्राउझर आहेत. त्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेस एक लांबट चौकट असते. तीत उघडलेल्या पानाचा पत्ता दिसतो. मोबाइलवर हा पत्ता तोकडा दिसत असल्यास चौकटीवर बोट ठेवावे, म्हणजे तो संपूर्ण वाचता येतो.

गूगल, बिंग ही शोधयंत्रे होत. आपण शब्द लिहावेत आणि ते शब्द ज्या पानांवर असतील त्यांची यादी यंत्राने द्यावी, असे त्यांचे कार्य असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. यादीत पहिले आलेले पान हे खरेच असते असे नाही. यादीच्या आरंभी बहुधा पैसे घेऊन लावलेल्या जाहिराती असतात व त्यांवर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बँकेचा किंवा खत कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधयंत्रातून काढून फसलेले लोक पुष्कळ आहेत. बँकेचा क्रमांक पासबुकावरून अथवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा, हे उत्तम.

पत्ता म्हणजे काय

आंतरजालावरील प्रत्येक सर्व्हरला एक क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक चार आकड्यांचा असून प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. असे एकूण सुमारे ४२९ कोटी क्रमांक होतात. ते अपुरे पडू लागल्यामुळे अधिक लांब क्रमांकांची नवी पद्धतही आता वापरात आली आहे. परंतु माणसास असे क्रमांक पाठ ठेवणे शक्य नसल्याने १९८३ साली नावांची पद्धत योजण्यात आली. या नावास डोमेन असे म्हणतात. आपण नाव लिहितो आणि त्या नावाचा क्रमांक कोणता, हे काढून देण्याचे काम पडद्याआड आपोआप होते.

ही नावे बहुधा इंग्रजी अक्षरांत असतात. मराठी, कोंकणी, हिंदी इत्यादी भाषांसाठी 'डॉट भारत' असा देवनागरी शेवट असलेली नावे २०१४ पासून मिळू लागली आहेत. पण शेतकऱ्यास रोज लागणारे पत्ते अद्याप मुख्यतः इंग्रजी अक्षरांतच आहेत. छपाईच्या सोयीसाठी या लेखात ते देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष पत्त्यात 'डॉट' या शब्दाच्या जागी टिंब असते आणि 'जीओव्ही' म्हणजे जी, ओ, व्ही ही तीन इंग्रजी अक्षरे असतात, हे वाचकांनी समजून घ्यावे.

शेवटाकडून वाचावे

टपालाच्या पाकिटावर आपण प्रथम नाव लिहितो, मग गाव, मग तालुका आणि शेवटी जिल्हा. म्हणजे पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो. आंतरजालावरील नावाचीही रचना अशीच असते. म्हणून मालक कोण हे पाहावयाचे असल्यास नाव शेवटाकडून वाचावे लागते.

शेतकरी सन्मान निधीचा खरा पत्ता 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. यात शेवटी 'इन' आहे. तो भारताचा निर्देशक होय. त्याच्या आधी 'जीओव्ही' आहे. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट केवळ शासकीय संस्थांनाच दिला जातो. त्याच्याही आधी 'पीएमकिसान' हे योजनेचे नाव येते. अनुदानाच्या अर्जासाठी वापरला जाणारा 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ताही याच रीतीने वाचावा : भारत, शासन, महाराष्ट्र आणि मग योजना.

आता 'पीएमकिसान-केवायसी डॉट कॉम' असा पत्ता आला आहे असे समजू. याचा शेवट 'कॉम' असा आहे. असे नाव थोडे पैसे भरून कोणासही घेता येते, आणि त्यात योजनेचे नाव घालण्यासही कोणी आडकाठी करीत नाही. मुलाचे नाव मामलेदार ठेवल्याने तो काही तालुक्याचा अधिकारी होत नाही. तसेच हे आहे.

याहून फसवा प्रकार असा की, 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम' असा लांबलचक पत्ता दिला जातो. आरंभी ओळखीचे शब्द दिसल्याने वाचणारा निर्धास्त होतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तर पुढचा भाग दिसतही नाही. परंतु शेवटाकडून वाचल्यास या घराचा मालक 'अमुक डॉट कॉम' आहे हे तत्काळ उघड होते.

नावाचा शेवट नेमका कोठे होतो, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' ही अक्षरे व त्यांपुढे दोन तिरक्या रेघा असतात. त्या सोडून द्याव्यात. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येईल तेथे नाव संपते. त्या रेघेच्या पुढे जे काही लिहिलेले असेल ते त्या घरातील खोलीचा ठावठिकाणा सांगते, मालकाचे नाव नव्हे. रेघेच्या पुढे 'जीओव्ही' असे दिसले तरी त्यास काही किंमत देऊ नये. तिरकी रेघ मुळीच नसेल, तर पत्ता संपतो तेथेच नाव संपले असे समजावे.

बँकांच्या बाबतीतही आता अशी खूण उपलब्ध झाली आहे. रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट केवळ बँकांसाठी राखून ठेवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तो स्वीकारण्याचा आदेश बँकांना दिला. याचा अर्थ निराळ्या शेवटाचा प्रत्येक पत्ता लबाडाचाच असतो, असा मात्र नव्हे. बियाणे कंपन्या, सहकारी संस्था, वृत्तपत्रे यांचे पत्ते निरनिराळ्या शेवटांचे असतात व ते रास्तही असतात. परंतु जो पत्ता शासनाचा अथवा बँकेचा म्हणून पुढे केला जातो, त्याचा शेवट तसा नसल्यास चौकशी केल्यावाचून पुढे जाऊ नये.

कुलपाच्या खुणेचा अर्थ

पत्त्याच्या आरंभीच्या 'एचटीटीपीएस' या अक्षरांचा अर्थ असा की, आपला मोबाइल व तो सर्व्हर यांच्यामधील मजकूर सांकेतिक रूपात जातो व वाटेत कोणास वाचता येत नाही. याची खूण म्हणून ब्राउझर कुलपाचे चित्र दाखवीत असत. कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक, असा अनेकांचा समज झाला. पण तो बरोबर नाही. पाकीट लाखेने बंद केलेले आहे एवढेच कुलूप सांगते. ते कोणाच्या हाती पडणार आहे, हे सांगत नाही. भामट्यासही आपल्या संकेतस्थळास असे कुलूप लावता येते. हा गैरसमज टाळण्यासाठी क्रोम ब्राउझरने २०२३ साली कुलपाचे चित्र बदलून दुसरी खूण योजिली. कुलूप नसेल तेथे गुप्त माहिती मुळीच भरू नये; आणि कुलूप असले तरी पत्ता वाचल्याशिवाय भरू नये.

लिंक, डाउनलोड आणि एपीके

लिंक म्हणजे दुवा. त्यावर बोट टेकविताच दुसरे पान उघडते. दुव्यावर दिसणारे शब्द एक आणि तो नेतो ते ठिकाण दुसरे, असे असू शकते. मोबाइलवर दुव्यावर बोट थोडा वेळ दाबून धरल्यास बहुधा खरा पत्ता वाचावयास मिळतो. तथापि, संदेशातून आलेल्या दुव्याचा उपयोगच न करणे आणि माहीत असलेला पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः लिहिणे, हा मार्ग अधिक हितावह होय.

सर्व्हरवरील वस्तू आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेणे म्हणजे डाउनलोड, आणि आपल्याकडील वस्तू सर्व्हरवर चढविणे म्हणजे अपलोड. सातबारा उतारा उतरवून घेणे हे डाउनलोड झाले. अर्जासोबत पासबुकाचे छायाचित्र जोडणे हे अपलोड झाले. अशा वेळी छायाचित्राच्या आकाराची मर्यादा केबी अथवा एमबी यांत सांगितलेली असते. सुमारे एक हजार केबी म्हणजे एक एमबी. छायाचित्र मर्यादेपेक्षा मोठे असल्यास अर्ज स्वीकारला जात नाही. अशा वेळी छायाचित्राचा आकार कमी करून घ्यावा.

डाउनलोड करावयाच्या वस्तूंत एपीके या प्रकाराविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. अँड्रॉइड मोबाइलवर नवे अॅप बसविण्याचे जे गाठोडे, त्यास एपीके म्हणतात. योजनेचे किंवा बँकेचे नाव दिलेली अशी गाठोडी व्हॉट्सअॅपवरून पाठवून लोकांना लुबाडण्याचे प्रकार घडले आहेत. असे अॅप बसवून त्यास मागेल ती परवानगी दिली, की ते मोबाइलवर येणारे संदेश वाचू लागते. त्यांतच बँकेने पाठविलेला ओटीपीही असतो, आणि मग मालकास काही कळण्यापूर्वी रक्कम निघून जाते. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, आणि तेथेही ते कोणी काढले आहे हे नाव वाचून घ्यावे. व्हॉट्सअॅपवर आलेले एपीके शेजाऱ्याने पाठविले असले तरी उघडू नये. कारण शेजाऱ्याचा मोबाइलही भामट्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पासवर्ड, ओटीपी व पिन

पासवर्ड म्हणजे आपण ठरविलेला परवलीचा शब्द. ओटीपी म्हणजे एकाच वेळी चालणारा व थोड्या मिनिटांत बाद होणारा आकडा. पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे देण्यास संमती दर्शविणारा गुप्त आकडा. या तिन्ही किल्ल्या होत. बँकेचा अधिकारी असो वा योजनेचा, खरा अधिकारी दूरध्वनीवरून त्या कधीही मागत नाही. यूपीआयमध्ये पैसे मिळविण्यासाठी पिन घालावा लागत नाही; तो केवळ देण्यासाठी लागतो. भाजीचे किंवा जनावराचे पैसे पाठवितो असे सांगून कोणी पिन घालावयास लावीत असेल, तर तो पैसे देत नसून घेत आहे असे खुशाल समजावे.

जुने पान आणि बंद सर्व्हर

मोबाइलमध्ये एकदा उघडलेल्या पानाची प्रत काही काळ साठवून ठेवली जाते. तिला कॅश असे म्हणतात. यामुळे पान लवकर उघडते, परंतु कधी कधी कालचेच पान आज दिसते. बाजारभाव पाहताना याचे भान असावे. केंद्र शासनाचे अॅगमार्कनेट २००० सालापासून देशातील बाजार समित्यांचे भाव देत आले आहे. तेथील आकडा पाहण्यापूर्वी त्यावरील तारीख पाहावी आणि पान नव्याने मागवावे. कालच्या भावावर विसंबून आज माल गाडीत भरल्यास होणारे नुकसान शेतकऱ्यासच सोसावे लागते.

"सर्व्हर डाउन आहे" हे उत्तरही अनेकदा ऐकावे लागते. पान उघडत नसल्यास प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडले नाही तर दोष आपल्या रेंजचा किंवा संपलेल्या डेटाचा आहे. दुसरे उघडले आणि हवे ते उघडले नाही, तर सर्व्हर बंद असावा किंवा त्यावर गर्दी झालेली असावी. अर्जाच्या अखेरच्या दिवशी अशी गर्दी हमखास होते. म्हणून मुदतीच्या आधी चार दिवस अर्ज करणे श्रेयस्कर. सर्व्हर बंद आहे असे सांगून कोणी निराळाच दुवा देऊ लागल्यास त्याचा पत्ता अर्थातच शेवटाकडून वाचावा.

फसगत झाल्यास

एवढी काळजी घेऊनही फसगत झाल्यास लाजेने गप्प बसू नये. मोबाइलचा डेटा ताबडतोब बंद करावा. दुसऱ्या मोबाइलवरून बँकेस कळवून खाते गोठविण्यास सांगावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. चोरलेली रक्कम पुढील खात्यांतून काढली जाण्यापूर्वी कळविल्यास ती रोखून धरता येण्याची शक्यता असते. म्हणून घरात विचारविनिमय करण्यात वेळ न दवडता आधी कळवावे.

आता आरंभी सांगितलेल्या संदेशाकडे वळू. तो ज्या शेतकऱ्यास आला आहे, त्याने दुव्यावर बोट न टेकविता ब्राउझर उघडावा, सन्मान निधीचा पत्ता स्वतः लिहावा आणि आपल्या हप्त्याची स्थिती तेथे पाहावी. ई-केवायसी खरोखरच बाकी असल्यास ती तेथेच ओटीपीने पूर्ण करता येते, अथवा गावच्या सेवा केंद्रात अंगठ्याच्या ठशाने होते. शंका उरल्यास कृषी सहायकास विचारावे किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या विनामूल्य क्रमांकावर दूरध्वनी करावा. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांनी नेहमीचे चार-पाच पत्ते मुलांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन पासबुकात ठेवावेत, आणि संदेश आला की त्याचा पत्ता प्रथम त्या कागदाशी ताडून पाहावा.